तुम्ही नक्की कुणाच्या बाजूने?

कुटुंबांसोबत काम करणाऱ्या समुपदेशकाला एक प्रश्न रोज विचारला जातो आणि प्रत्येक जण तो आपापल्या पद्धतीने विचारतो. सासूबाई विचारतात, ‘तुमचंही लग्न झालंय ना?’ वडील फीचे पैसे मोजता मोजता म्हणतात, ‘जरा समजवा त्याला.’ सोळा वर्षांचा मुलगा तोंडाने काहीच विचारत नाही, खुर्ची भिंतीकडे वळवून बसतो. नवरा रात्री साडेदहाला व्हॉट्सॲप करतो, ‘मॅडम, उद्याच्या सेशनआधी तुम्हाला एक गोष्ट माहीत असायला हवी.’ या सगळ्यांना विचारायचं एकच असतं: तुम्ही कुणाच्या बाजूने आहात?

एकट्या माणसाच्या समुपदेशकाला हा प्रश्न इतका छळत नाही. समोर एकच जण बसलेला असतो, त्याचं भलं बघायचं, एवढं तरी स्पष्ट असतं. माझ्यासमोर चार जण बसतात. चौघांचं भलं एकाच दिशेला असेल असं काही नाही, आणि बहुतेक वेळा नसतंच. म्हणून तर ते आलेले असतात.

पुढे जाण्याआधी एक सांगून ठेवते. या लेखात जी घरं येतील ती अशीच्या अशी कुठेही सापडणार नाहीत. गावं, व्यवसाय, वयं बदलली आहेत आणि दोन-तीन घरांचे तपशील एकत्र केले आहेत. प्रश्न मात्र खरे आहेत.

मी या कामात आले ती रुग्णालयाच्या वाटेने. समाजकार्यात एम.ए., मग सायकियाट्रिक सोशल वर्कमध्ये एम.फिल. आणि त्यानंतर सहा वर्षं एका सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात नोकरी. बाह्यरुग्ण विभागात गर्दी एवढी की डॉक्टरांना एका पेशंटसाठी जेमतेम काही मिनिटं मिळायची. केस हिस्टरी घ्यायचं काम माझं. पेशंट सहसा गप्प असायचा आणि त्याची हिस्टरी नातेवाईक सांगायचे. आईने सांगितलेली हिस्टरी वेगळी, बायकोने सांगितलेली वेगळी, भावाने सांगितलेली तिसरीच. सुरुवातीला वाटायचं, यातली खरी कुठली ते शोधून काढायचं. हळूहळू लक्षात आलं की या तिन्ही हिस्टऱ्या एकमेकींना उत्तरं देताहेत. आई बोलत होती ती मला सांगण्यासाठी नाही, सुनेला ऐकू जावं म्हणून.

कुटुंबाला उपचारात घ्यायची कल्पना आपल्याकडे आयात झाली असं पुष्कळांना वाटतं. ते अर्धंच खरं आहे. १९५०च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्या सागर यांनी आवारात तंबू ठोकले आणि रुग्णांच्या नातेवाइकांना सोबत राहायला बोलावलं. साधारण त्याच काळात अमेरिकेत मरे बोवेन नावाचे मानसोपचारतज्ज्ञ रुग्णांच्या अख्ख्या कुटुंबांना रुग्णालयात ठेवून घेण्याचा प्रयोग करत होते. तिकडे तो प्रयोग धाडसाचा होता, कारण तिथे रुग्णाला घरच्यांपासून दूर ठेवण्याची रीत होती. आपल्याकडे उलट अडचण. कुटुंब खोलीत असतंच. दहा मिनिटं त्याला बाहेर कसं बसवायचं, हे कौशल्य मला जास्त लागतं.

आता आपल्या भाषेबद्दल. ‘समुपदेशन’ या शब्दाच्या पोटातच ‘उपदेश’ बसलाय, त्यामुळे लोक उपदेश ऐकायच्या किंवा दुसऱ्याला ऐकवायच्या तयारीने येतात. पण मला त्याहून जास्त खटकतो तो ‘समजूत घालणे’ हा आपला लाडका वाक्प्रचार. समजूत कुणाची घालतात ते आठवून बघा. रडणाऱ्या मुलाची. माहेरी निघून आलेल्या मुलीची. रुसलेल्या धाकट्या भावाची. रागावलेल्या वडिलांची समजूत कुणी घालत नाही, त्यांना ‘शांत करतात’. म्हणजे समजूत घालायची ती ज्याच्याकडे सत्ता कमी आहे त्याची, आणि घालायची म्हणजे काय, तर परिस्थिती आहे तशी स्वीकारायला लावायची. ‘जरा समजवा त्याला’ म्हणणारे वडील मला समुपदेशक म्हणून बोलवत नसतात. त्यांना त्यांच्याच आवाजाचा भाडोत्री, डिग्रीवाला प्रतिनिधी हवा असतो. यात ते वाईट माणूस असतात असं नाही. अनेकदा ते घाबरलेले असतात.

मग समुपदेशकाने करायचं काय? आमच्या शास्त्राने याला दिलेलं एक जुनं उत्तर म्हणजे तटस्थता. इटलीतल्या मिलान शहरात मारा सेल्विनी पालाझ्झोली आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी १९८० साली एक शोधनिबंध लिहिला. कुटुंबाच्या मुलाखतीची तीन तत्त्वं त्यात सांगितली आणि त्यातलं एक तटस्थता. त्यांची कसोटी मोठी मजेदार होती. मुलाखत संपल्यावर घरातल्या माणसांना कुणी विचारलं की थेरपिस्ट कुणाच्या बाजूने होते, तर त्यांना सांगता येऊ नये. कारण प्रत्येकाशी बोलताना थेरपिस्ट तेवढ्यापुरता त्याच्याजवळ गेलेला असतो आणि दुसऱ्याकडे वळला की ती जवळीकही सुटते.

हे कागदावर जितकं थंड वाटतं तितकं प्रत्यक्षात नाही. एक दहावीतला मुलगा होता. पोट दुखतं म्हणून शाळेत जात नव्हता. सोनोग्राफी झाली, रक्ताच्या तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. आई म्हणाली, हा नाटकं करतो. वडील म्हणाले, हिने लाडावून ठेवलाय. मी मुलाला पोटाबद्दल काहीच विचारलं नाही. त्याच्या बारा वर्षांच्या बहिणीला विचारलं, ‘दादाचं पोट दुखायला लागलं की घरात आधी काय होतं?’ ती म्हणाली, ‘आईबाबा भांडायचे थांबतात.’ मग वडिलांना विचारलं, ‘उद्या याचं पोट दुखायचं थांबलं, तर घरात सगळ्यात जास्त काळजी कुणाला वाटेल?’ ते बराच वेळ गप्प होते. मिलानच्या पद्धतीत असंच विचारतात: एकाला दुसऱ्या दोघांमधल्या नात्याबद्दल. यातून ‘चूक कुणाची’ हा प्रश्न बाजूला पडतो आणि ‘हे फिरतं कसं’ हे दिसायला लागतं. मुलगा पेशंट म्हणून आणलेला असतो, पण पोटदुखी सगळ्या घराची असते. त्या दिवशी ते चौघं बाहेर पडले तेव्हा मी कुणाच्या बाजूने होते हे त्यांना खरंच सांगता आलं नसतं.

अशा घरात तटस्थता उत्तम चालते. पण हा शब्द मराठीत फोडून बघा. तटस्थ म्हणजे तटावर उभा असलेला, काठावरचा. काठावर उभं राहून नदी सबंध दिसते, प्रवाह कुठून वळतो तेही दिसतं. नदीत सगळ्यांना पोहता येत असेल तर काठावर उभं राहणं शहाणपणाचं. एक जण दुसऱ्याला पाण्याखाली दाबत असेल तर?

‘आमचं पटत नाही’ म्हणून एक जोडपं आलं. दोघं शिकलेले, नोकरी करणारे. माझा एक नियम आहे: जोडप्याला एकत्र भेटण्याआधी दोघांना एकदा वेगवेगळं भेटते. कारण साधं आहे. ‘घरी मारहाण होते का?’ हा प्रश्न नवऱ्यासमोर विचारला तर बायकोला खरं उत्तर देता येत नाही, आणि दिलं तर घरी गेल्यावर त्याची किंमत मोजावी लागते. तिने एकटी असताना सांगितलं की होते. गेली तीन वर्षं. नवरा वेगळ्या भेटीत म्हणाला, ‘एका हाताने टाळी वाजत नाही मॅडम.’

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय! आणि गंमत अशी की माझ्या शास्त्राचा अर्धा सिद्धांत म्हणजे हीच म्हण आहे. हिचं चिडणं त्याच्या गप्प बसण्यातून, त्याचं गप्प बसणं हिच्या चिडण्यातून. पण टाळी एका हाताने वाजत नसली तरी थप्पड एकाच हाताने बसते. मारहाणीला वर्तुळात बसवलं की मार खाणारीचं वागणंही ‘कारणांपैकी एक’ होऊन जातं. हा आक्षेप आमच्याच क्षेत्रातल्या बायकांनी घेतला. रेचल हेअर-मस्टिन यांनी १९७८ साली, व्हर्जिनिया गोल्डनर यांनी १९८५ साली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की कुटुंबाला एक यंत्रणा म्हणून बघताना तुम्ही त्यातली सत्ता बघायचीच विसरलात. ज्या घरात पैसा, शरीराची ताकद आणि समाजाचा पाठिंबा एकाच बाजूला आहे, तिथे दोघांना अगदी समान वेळ देणारा समुपदेशक मोजमापाने तटस्थ असतो, पण परिणामाने बलवानाचा माणूस ठरतो.

आपल्या कायद्याला हे समजलंय ही मला दिलासा देणारी गोष्ट वाटते. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा कायदा २००५ सालचा, त्याचे नियम २००६चे. त्या नियमांत समुपदेशनाबद्दल स्पष्ट म्हटलंय की हिंसेचं समर्थन करणारं कोणतंही कारण समुपदेशनाच्या प्रक्रियेचा भाग होऊ शकत नाही. म्हणजे ‘ती उलट बोलली म्हणून’ हे वाक्य तिथे चर्चेलाच घ्यायचं नाही. मुंबईत १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने पोलिसांसोबत महिलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, तेव्हापासून तिथलं काम याच पायावर उभं आहे: आधी सुरक्षितता, नात्याचा विचार नंतर.

त्या जोडप्याला मी एकत्र सेशन दिलं नाही. नवऱ्याला सांगितलं की मारणं थांबवण्यासाठी तुम्हाला एकट्याला काम करावं लागेल, त्यासाठी मी माणूस सुचवते. बायकोला संरक्षण अधिकाऱ्याबद्दल सांगितलं, १८१ हा नंबर दिला, महत्त्वाची कागदपत्रं आणि थोडे पैसे घराबाहेर कुठे ठेवता येतील यावर आम्ही सविस्तर बोललो. नवरा जाताना म्हणाला, ‘तुम्ही तर एकतर्फी निघालात.’ मी म्हटलं, ‘हो, या एका बाबतीत.’

इथे ‘घर वाचवणं’ या कल्पनेशीही माझं भांडण आहे. १९८४च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यात न्यायालयाने आधी समेटाचा प्रयत्न करावा असं सांगितलंय आणि ते योग्यच आहे. अनेक भांडणं बोलून सुटतात, मी दर आठवड्याला बघते. पण नातेवाईक ‘काहीही करा, घर मोडू देऊ नका’ म्हणतात तेव्हा मी मनात विचारते, घर म्हणजे कोण? घराला पोट दुखत नाही. घराला झोप येईनाशी होत नाही. घर नावाचा कुणी माझ्या खुर्चीत येऊन बसत नाही, माणसं येतात. आणि ‘घर वाचलं’ हे वाक्य बोलणारा बहुतेक वेळा त्या घरात राहणारा नसतो.

मग सरळ दुबळ्याची बाजू घ्यायची, संपलं? एवढं सोपं असतं तर मी हा लेख लिहिलाच नसता. मारहाणीच्या घरात दुबळं कोण ते दिसतं. बाकीच्या घरांत नाही दिसत. तिथे मला मदत झाली ती इव्हान बोसोरमेनी-नाज या माणसाची. बुडापेस्टमध्ये जन्मलेले, पुढे अमेरिकेत फिलाडेल्फियाला काम केलेले हे मानसोपचारतज्ज्ञ. ते तटस्थ राहा असं म्हणत नव्हते, एकाचीच बाजू घ्या असंही नाही. त्यांचं म्हणणं होतं, सगळ्यांची बाजू घ्या, एकामागून एक, आणि मनापासून. जो खोलीत नाही त्याचीही. जे मूल अजून जन्माला आलेलं नाही, त्याचीही. १९७३ साली जेराल्डिन स्पार्क यांच्यासोबत लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी कुटुंबातल्या अदृश्य निष्ठांबद्दल लिहिलं. त्यांना प्रत्येक घरात एक न लिहिलेली खातेवही दिसायची: कुणी काय दिलं, कुणाला काय मिळालं, कुणाचं अजून येणं आहे. या खात्याची थकबाकी पुढच्या पिढीकडून वसूल होते, असं ते म्हणत.

मराठी माणसाला ही कल्पना शिकवावी लागत नाही. आपल्याकडे ती खातेवही सातबाऱ्यासोबतच चालते.

निफाडकडचं एक द्राक्षबागायतदार घर. (ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की या भागातले माझे निम्मे पेशंट गायब होतात, वेल थांबत नाही आणि डिप्रेशन थांबतं, असा तिकडचा हिशेब आहे.) साठीच्या आईला घेऊन मुलगा, सून आणि पुण्याला राहणारी विवाहित मुलगी आली. आईला झोप नाही, जेवण नाही, सतत छातीत धडधड. वडील जाऊन आठ महिने झालेले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, त्या चालू होत्या आणि चालू ठेवायच्याच होत्या. पण दुसऱ्या भेटीत खरं प्रकरण टेबलावर आलं. मुलाने बहिणीकडे हक्कसोडपत्रावर सही मागितली होती. आणि ती मागायला आईला पाठवलं होतं.

कायदा काय म्हणतो ते स्पष्ट आहे. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. मग माझं काम सोपं: बहिणीची बाजू घ्यायची. पण भाऊ बोलायला लागला. वडिलांवर कर्ज झालं तेव्हा त्याने बारावीनंतर शिक्षण सोडलं. बाग त्याने उभी केली. त्याच बागेच्या पैशावर बहिणीचं इंजिनिअरिंग झालं. गारपिटीत माल गेला तेव्हा बँकेच्या नोटिसा त्याच्या नावाने आल्या, बहिणीच्या नाही. वडिलांच्या शेवटच्या दीड वर्षात त्यांना उचलून बाथरूमला नेलं त्याने आणि त्याच्या बायकोने. ‘मी तिचा हक्क खात नाहीये,’ तो म्हणाला, ‘मी माझी बारावी मागतोय.’

हे ऐकल्यावर कुणाच्या बाजूने असाल तुम्ही?

बहिणीचंही खातं होतं. इंजिनिअरिंगला घातलं हे खरं, पण लग्नात तिचा पगार मोजला गेला आणि तिचं मत मोजलं गेलं नाही. तिला जमीन नकोच होती म्हणे, सहीसुद्धा तिने केली असती. पण तिला विचारलंच नाही, गृहीत धरलं. सही केली नाही तर माहेर तुटणार, रक्षाबंधनाला दार बंद होणार, हे तिला कुणी तोंडाने सांगितलं नव्हतं. सांगायची गरज नव्हती.

मी त्या दिवशी दोन गोष्टी केल्या. एक, कायदा काय आहे ते सगळ्यांसमोर मोठ्याने सांगितलं. वकिलाचं काम माझं नाही हेही सांगितलं आणि सही करण्याआधी तिने स्वतःचा वकील गाठावा असंही. भावाच्या चेहऱ्यावर नाराजी दिसली. पण ज्या माहितीमुळे एखाद्याचं संरक्षण होतं ती माहिती शांततेखातर दडवणं म्हणजे बाजू घेणंच असतं, फक्त ते कुणाला दिसत नाही. मला दिसणारी बाजू घेणं परवडतं.

दुसरी गोष्ट म्हणजे भावाचा त्याग बहिणीला मोजायला लावला. अगदी शब्दशः. ‘दादाने तुमच्यासाठी काय काय सोडलं, सांगाल?’ ती सांगत गेली, सावकाश, आणि तिला सगळं आठवत होतं. तो मान खाली घालून ऐकत होता. सून रडत होती, कारण त्या यादीत तिचंही नाव आलं, पहिल्यांदा. मग भावाला तेच विचारलं. त्याला वेळ लागला, पण त्याची यादीही रिकामी नव्हती.

सुनेला मी विचारलं, ‘उद्या ताईंनी सही केली तर घरात कुणाची झोप परत येईल?’ ती म्हणाली, ‘यांची येईल. आईंची नाही यायची.’ का, विचारलं तर गप्प झाली. आणि आई, जिला आम्ही दोन भेटी पेशंट म्हणून बसवून ठेवलं होतं, ती हळूच म्हणाली, ‘सातबाऱ्यावर माझं बी नाव लागलंय ना?’

खोलीत कुणी काही बोलेना. वारस म्हणून तीन नावं लागली होती. भांडण दोन नावांचं चाललं होतं. तिसऱ्या नावाला निरोप्याचं काम दिलं होतं आणि त्याची धडधड होते म्हणून गोळ्या चालू होत्या. सगळे हक्क सोडून झाल्यावर आपण कुणाच्या आधाराने राहायचं, ही तिची भीती तिला मुलापुढे बोलता येत नव्हती. मुलावर अविश्वास दाखवल्यासारखं झालं असतं. मुलीपुढेही नाही, तिला भरीस पाडल्यासारखं झालं असतं. कायद्याने तिला हिस्सा दिला होता, पण घरातल्या कुठल्याच वाक्यात तो नव्हता.

पुढे काय झालं? सहा महिने सही झाली नाही. मग आईचा आणि मुलीचा काही हिस्सा ठरला, बाकीच्यावर मुलीने हक्क सोडला, आपल्या वकिलाला दाखवून. बहीण-भावात थोडा कडवटपणा राहिला आणि तो राहणारच होता. आईची झोप बरीच सुधारली. ती गोळ्यांनी सुधारली की सातबाऱ्याने, हे मला सांगता येणार नाही आणि त्यांच्या डॉक्टरांनाही.

हे ऐकून कुणी म्हणेल, म्हणजे तुमचं उत्तर काय, तर परिस्थिती बघून बाजू घ्यायची. तसं नाही. माझ्यासाठी काही गोष्टी ठरलेल्या आहेत. मारहाण, लहान मुलाचं शोषण, जीव धोक्यात असणं, इथे मी वर्तुळं काढत बसत नाही. मुलांच्या लैंगिक शोषणाच्या बाबतीत तर २०१२च्या पॉक्सो कायद्याने मला गप्प राहायची मुभाच ठेवलेली नाही, कळवावंच लागतं. हे मी पहिल्याच भेटीत सगळ्यांना सांगते. या रेषेच्या आत मी आळीपाळीने सगळ्यांची. आणि ‘सगळ्यांची’ म्हणजे कुणाचीच नाही, असं नव्हे. भावाचं ऐकताना मला खरंच वाटलं पाहिजे की हा बरोबर आहे. ते वाटलं नाही तर तो ओळखतो. माणसं खोटी सहानुभूती लगेच ओळखतात, विशेषतः शेतकरी आणि टीनएजर.

तुमच्यातल्या ज्यांच्या घरचे तुम्हाला उद्या समुपदेशकाकडे नेणार असतील, त्यांच्यासाठी एक व्यावहारिक गोष्ट. पहिल्या भेटीत विचारा, ‘मी एकट्याने सांगितलेलं तुम्ही घरी सांगणार का?’ याला गोल उत्तर मिळालं तर उठून या. शिक्षण काय झालंय तेही विचारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, पण नुसती ‘काउन्सेलर’ अशी पाटी बराच काळ आपल्याकडे कुणीही लावू शकत होतं. विचारण्यात उद्धटपणा काही नाही.

माझा गुपितांचा नियम असा आहे. एकट्याने सांगितलेलं मी परस्पर कुणाला सांगत नाही. पण जोडीदाराला फसवत ठेवण्यासाठी माझा वापर होत असेल, तर मी म्हणते की हे तुम्ही स्वतः सांगा, नाहीतर मी तुमचं एकत्र काम थांबवेन. का थांबवलं ते मात्र सांगणार नाही. रात्री साडेदहाचा तो व्हॉट्सॲप मी म्हणूनच वाचून सोडून देत नाही. दुसऱ्या दिवशी सेशनच्या सुरुवातीला म्हणते, ‘काल मला एक मेसेज आला. तो इथे बोलायचा का?’ ज्याने पाठवलेला असतो तो अस्वस्थ होतो. होऊ दे.

हा नियम सगळ्यात जास्त ताणला जातो तो फी एकाने भरली आणि गुपित दुसऱ्याचं असलं की. गेल्या वर्षी एका बावीस वर्षांच्या मुलीला वडील घेऊन आले. मुलाची जात वेगळी. घरात तीन महिने अबोला, आईचं बीपी वाढलेलं, मोबाईल काढून घेतलेला आणि मग परत दिलेला. वडिलांनी सहा भेटींचे पैसे आगाऊ भरले आणि दारात मला हळूच म्हणाले, ‘ती काही करणार असेल तर आम्हाला आधी कळवा, एवढंच.’

मी म्हटलं, ‘ती स्वतःच्या जिवाला काही करून घेईल असं वाटलं तर तुम्हाला फोन येईल. ती लग्न करणार आहे असं कळलं तर नाही येणार.’ ती सज्ञान आहे. दोन सज्ञान माणसांच्या लग्नाला घराच्या किंवा समाजाच्या संमतीची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली शक्ती वाहिनीच्या खटल्यात स्पष्ट केलंय. वडील म्हणाले, ‘पैसे मी भरतोय.’ म्हटलं, ‘माहीत आहे. परत हवे असतील तर आत्ता देते.’

त्यांनी पैसे परत घेतले नाहीत. मुलीला सहा भेटींत मी ‘लग्न कर’ म्हटलं नाही आणि ‘करू नकोस’ही म्हटलं नाही. त्या मुलाबद्दल तिला स्वतःला काय काय प्रश्न आहेत ते ती पहिल्यांदा मोठ्याने बोलली. घरी प्रत्येक शंका म्हणजे शरणागती ठरत होती, त्यामुळे तिने शंकाच घ्यायच्या बंद केल्या होत्या. वडिलांचीही बाजू मी तिच्यासमोर घेतली. त्यांच्या बहिणीने पस्तीस वर्षांपूर्वी असंच लग्न केलं होतं, तेव्हा आजोबांनी तिचं नाव टाकलं होतं, आणि त्या आत्याला हे वडील चोरून भेटत होते. मुलीला हे माहीत नव्हतं. मला ते वडिलांनीच सांगितलं होतं आणि तिला सांगायची परवानगीही त्यांनीच दिली, पाचव्या भेटीच्या आदल्या दिवशी, फोनवर, दोन मिनिटांत.

मुलगी सध्या पुण्यात नोकरी करते. लग्न केलेलं नाही, मुलाला सोडलेलंही नाही. सहा भेटी संपल्यावर घरातलं कुणी आलं नाही. मागच्या आठवड्यात रिसेप्शनवरच्या डायरीत गुरुवारची संध्याकाळी पाचची वेळ भरलेली दिसली. वडिलांचं नाव होतं, आणि ‘सोबत कोण’ या रकान्यात त्यांनी स्वतःच्या अक्षरात ‘एकटा’ असं लिहिलं होतं.